यू म्हणजे तू की आपण?

सुकियेमची जीभ जास्त तिखट की तिची शेंगदाण्याची चटणी, यावरून जावा बेटावरच्या सुम्बरजाती गावात दोन तट होते. चटणीच्या बाजूने बोलणारे बहुतेक बाहेरगावचे असत. गावातल्यांना जिभेचा अनुभव होता. रोज सकाळी ती वळणावरच्या फणसाखाली पेचेल विकायला बसे. केळीच्या पानावर उकडलेली पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं आणि वर ओघळणारी चटणी. पान हातात देताना प्रत्येकाला ती काहीतरी ऐकवी. "काय रे, बायकोने उपाशी पाठवलं? बरोबर केलं तिने." "तिखट जास्त हवंय? सासू आलेली दिसतेय घरी." एखाद्या दिवशी ती गप्प बसली तर गिऱ्हाइकं विचारत, तब्येत बरी नाही का?

अशा बाईला तिच्याच अंगणात एका पाहुण्याने मुकं केलं, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

प्रम्बानानची देवळं बघायला येणारे परदेशी लोक हल्ली गावात उतरू लागले होते. लुरा, म्हणजे गावचे सरपंच, यांच्या बायकोने पुढाकार घेतला आणि घरोघरी मागच्या खोल्यांना रंग लागले, मच्छरदाण्या आल्या. सुकियेमकडे आलेला पहिला पाहुणा हॉलंडचा. इतका उंच की दारातून आत येताना त्याला नमाजाला वाकल्यासारखं वाकावं लागे. सकाळी तो अंगणात आला आणि हातवाऱ्यांनी तक्रारी मांडू लागला. गादी थोपटून दाखवली: कडक आहे. कप उलटा करून दाखवला: कॉफीत गाळ आहे. मग चक्क कोंबड्यासारखा आरवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं.

सुकियेमच्या घशाशी उत्तरांची रांग लागली. गादी कडक नाही, मेल्या, तुझी हाडं लांब आहेत. कॉफीत गाळ असतोच, तो खाली बसू द्यायचा असतो. आणि कोंबडा पहाटे नाही आरवणार तर काय दुपारी जेवून, ढेकर देऊन आरवेल? उत्तरं सगळी तयार होती, पण सगळी जावानीजमध्ये. तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच: "यस, मिस्टर. थँक यू, मिस्टर." आणि वर ती हसलीसुद्धा.

तिचा नवरा वागिमान पायरीवर बसून विडी ओढत होता. तो म्हणाला, "डच इथे साडेतीनशे वर्षं राहिले म्हणतात. पण तुला गप्प करायला त्यांना आजचा दिवस उजाडावा लागला."

हा घाव तिला फार खोल लागला. म्हणून गावात बायकांसाठी मोबाइलवर इंग्रजीचा वर्ग निघाला तेव्हा सुकियेमने सगळ्यांच्या आधी नाव दिलं. कशाला शिकायचंय असं विचारल्यावर बाकीच्या म्हणाल्या, पाहुण्यांच्या स्वागतासाठी. सुकियेम म्हणाली, "उलट बोलण्यासाठी."

शिकवणारा होता प्रायोगो, शाळामास्तरांचा धाकटा. योग्याकार्ताच्या विद्यापीठात तो मोबाइलवरून भाषा कशी शिकतात याचाच अभ्यास करत होता, आणि त्याच्या प्रबंधाला माणसं हवी होती. सगळ्या बायका त्याला मास योगो म्हणत. मास म्हणजे दादा, पण जिच्या तिच्या कडेवर हा दादा लहानपणी हगला-मुतलेला होता. मास योगोने एक ग्रुप काढला, त्यावर लंडनच्या पुलाचा फोटो लावला, नाव दिलं ‘इंग्लिश ओन्ली’, आणि दोन नियम केले.

पहिला नियम, प्रत्येकीच्या फोनची भाषा इंग्रजी करायची. त्यासाठी तो स्वतः मोटरसायकलवरून घरोघर फिरला आणि चहा पीत पीत सगळ्यांचे फोन फिरंगी करून गेला. त्या दिवसापासून गावात हाहाकार. वर्गातल्या बु पाइनेमला (बु म्हणजे बाई) गजर बंद करायचं बटण सापडेना, तिने फोन तांदळाच्या डब्यात पुरला. सुकियेमचा फोन तर ऊठसूट विचारायचा, "आर यू शुअर?" याचा अर्थ तिने योगोला विचारून घेतला आणि ती भडकली. "माझ्याच घरात राहतो, माझीच वीज खातो आणि वर मलाच विचारतो, नक्की का म्हणून? माझ्या सासूने कधी विचारलं नाही असं!"

दुसरा नियम, ग्रुपवर इंग्रजीच. जावानीज किंवा इंडोनेशियन शब्द वापरला तर शिक्षा. तोंडाला पावडर फासून फोटो टाकायचा. पत्ते हरल्यावर गावात जे पोरं करतात, तेच.

पहिल्या आठवड्यात पिठाच्या गिरणीत काम करत असल्यासारख्या सगळ्या बायका पांढऱ्याफटक झाल्या. दुसऱ्या आठवड्यात कुणी चूक करेना, कारण कुणी बोलेचना. सकाळी "गुड मॉर्निंग टीचर" च्या रांगा लागत आणि मग दिवसभर ग्रुप कबरस्तानासारखा शांत. योगोने प्राणी शिकवले, भाज्या शिकवल्या, घरातलं सामान, शरीराचे अवयव, हवामान. भूतकाळ तर तो रोज शिकवी: काल मी गेले, काल मी पाहिलं, काल ती म्हणाली. उत्तरादाखल अंगठ्याची चित्रं.

बोलणं मात्र थांबलं नव्हतं. ते हललं होतं. बु पाइनेमने दुसरा एक ग्रुप काढला होता, त्याच बायकांचा, पण मास योगो वजा. आणि लुराची बायकोही वजा. त्यावर कढईचा फोटो होता आणि नाव ‘स्वयंपाकघर’. तिथे दिवसभर जावानीज, इंडोनेशियन आणि इंग्रजी एकाच फोडणीत तडतडत. "अगं, माझा हजबंड आज पुन्हा अँग्री, कारण भातात वॉटर जास्त झालं." "मग त्याला सांग, यू कुक!" इथे कुणी कुणाला पावडर लावायला सांगत नसे.

आता लुराच्या बायकोबद्दल. तिचं नाव रेत्नोवाती. ती आणि सुकियेम एका बाकावर शिकल्या होत्या, एकाच झाडाचे पेरू चोरून एकाच माणसाचा मार खाल्ला होता. तेव्हा एक होती येम आणि दुसरी वाती. मग वातीचं लग्न झालं, नवरा लुरा झाला आणि वाती ‘बु लुरा’ झाली. सभेला गेली की पुढच्या खुर्चीवर. डोक्यावरचा रुमालही आता कडक इस्त्रीचा. तरी एकांतात भेटल्या की दोघी पुन्हा येम आणि वाती होत. अशाच एका दुपारी केसांना कलप लावून घेताना वातीने तिला सांगून टाकलं होतं, "येम, कुणाला बोलू नकोस. ग्रुपवरचं माझं इंग्रजी माझं नाही. सेमारांगहून लारास लिहून पाठवते, मी नुसती चिकटवते."

लारास तिची मुलगी, बँकेत होती. म्हणूनच ‘इंग्लिश ओन्ली’वर बु लुराची वाक्यं अशी उतरत की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं.

त्या दिवशी दुपारी सुकियेम पाट्यावर दुसऱ्या दिवसाचे शेंगदाणे वाटत होती. फोन वाजला. बु लुराने लिहिलं होतं की आज सकाळी मेरापी ज्वालामुखीच्या शिखरावरचं धुकं पाहून तिचं हृदय कृतज्ञतेने भरून आलं. खाली योगोचं उत्तर: "ब्युटिफुल! लेडीज, प्लीज, बु लुरांकडून शिका. बु सुकियेम, तुम्ही गेल्या महिनाभरात फक्त गुड मॉर्निंग म्हणालात."

सुकियेमच्या मस्तकात तिडीक गेली. दोन्ही हात चटणीने बरबटलेले. तिने करंगळीच्या पेराने ग्रुप उघडला, आवाज टिपायचं बटण कोपराने तिंबल्यासारखं दाबून धरलं आणि बोलायला सुरुवात केली.

"ऐका गं बायांनो! हृदय भरून आलं म्हणे! सकाळच्या धुक्याने तिचं नाक भरून येतं, मला ठाऊक आहे, दुसरीपासून शेंबूड पुसलाय मी तिचा. यस्टर्डे आय वेंट वातीच्या घरी. आय सॉ, ही बया फोन घेऊन बसलीय आणि लेकीला सांगतेय. शी सेड, ‘लारास, पटकन काहीतरी सुंदर लिही गं, मास्तर वाट बघतोय!’ सगळं लेकीचं इंग्रजी! हिचं स्वतःचं इंग्रजी माझ्यापेक्षा लंगडं. आणि तो योगो! माझ्या पेचेलच्या टोपलीत मुतला होता तो, आणि आता मला लेडी म्हणतो. बोलतो असा की तोंडात गरम रताळं धरलंय!"

मोकळं झाल्यावर बरं वाटलं. हात धुऊन, पदराला पुसून तिने फोन उचलला, कुणी काय उत्तर दिलं बघायला. वर कढई दिसायला हवी होती. दिसला लंडनचा पूल.

सुकियेमची पाचावर धारण बसली.

तिने त्या संदेशावर बोट दाबून धरलं. फोनने दोन पर्याय पुढे केले. एक, डिलीट फॉर एव्हरीवन. दुसरा, डिलीट फॉर मी. सुकियेम इंग्रजी अगदीच शिकली नव्हती असं नाही. ‘एव्हरीवन’ म्हणजे सगळे, हे तिला पक्कं माहीत होतं. योगो रोज ‘गुड मॉर्निंग एव्हरीवन’ म्हणायचा. सगळ्यांना डिलीट? चार शब्दांवरून अख्ख्या गावातल्या बायका ग्रुपमधून उडवायच्या? इतकं पाप तिला नको होतं. आणि ‘मी’ म्हणजे मला, माझ्यासाठी. हेल्प मी, गिव्ह मी. हे कसं नम्र वाटलं. माझ्यासाठी एवढं कर रे बाबा, पूस. तिने ‘फॉर मी’ वर बोट ठेवलं. संदेश नाहीसा झाला.

"इंग्रजी शिकल्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला," ती वागिमानला म्हणाली, आणि पुन्हा वाटायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फणसाखाली गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, आणि ज्यांना भूक नव्हती तेही आले होते. बु पाइनेम टोपलीपाशी उकिडवी बसली, पदर तोंडात कोंबून म्हणाली, "लेडी, एक पान दे." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सुकियेमला कळेना. चटणीत खडा गेला की काय म्हणून तिने बोटाने चाखून पाहिली.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. रेत्नोवाती आली होती. इस्त्रीचा रुमाल, हातात छत्री, चेहऱ्यावर मंद हसू. एरवी ती लांबूनच ओरडायची, "येम, उरलंय का काही, की सगळं तूच गिळलंस?" आज ती टोपलीपुढे किंचित वाकली आणि जावानीजच्या सगळ्यात वरच्या, राजवाड्यातल्या बोलीत म्हणाली:

"आपली प्रकृती क्षेम असेल अशी आशा आहे. आपल्याकडे पेचेल शिल्लक असल्यास ह्या अल्पमतीस थोडे मिळू शकेल काय?"

सुकियेमच्या हातातली पळी टोपलीत पडली. तिला राग झेपला असता, दोन थपडाही झेपल्या असत्या. पण वातीच्या तोंडून ‘आपण’! पेरूच्या झाडावर जिने हिच्या पाठीवर पाय देऊन फांदी गाठली होती, तिच्याकडून ‘आपण’!

"वाती, अगं काय..."

"आपण माझा नामोल्लेख केलात, हा माझा सन्मान आहे," रेत्नोवाती म्हणाली, पान घेतलं, छत्री उघडली आणि निघून गेली. ऊन नव्हतंच.

"हिला काय झालं?" सुकियेमने विचारलं.

बु पाइनेमने फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि बटण दाबलं. फणसाखाली सुकियेमचाच आवाज घुमला: "ऐका गं बायांनो! हृदय भरून आलं म्हणे!"

"पण मी पुसलं होतं ते!" सुकियेम किंचाळली. "फॉर मी पुसलं होतं!"

"फॉर तू पुसलंस, लेडी," बु पाइनेम डोळे पुसत म्हणाली. "आमच्यासाठी ठेवलंस ना. उपकार झाले. माझ्या नवऱ्याने काल जेवताना ऐकलं, त्याला ठसका लागला."

दुपारी मास योगोची मोटरसायकल अंगणात आली. तो पायरीच्या अगदी कडेला बसला, चहाला हात लावला नाही. मग त्याने विचारलं, "बु, मी खरंच टोपलीत...?"

"हो."

"कधी?"

"तीन वर्षांचा होतास. सगळी पालेभाजी फेकली मी. तुझ्या आईने पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. लहान मूल म्हणून."

तो लाल झाला. मग खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "बु, मला राग आलाय. पण दुसरं एक सांगायला आलोय. चार महिने मी भूतकाळ शिकवतोय. कुणी एकीने तो वापरला नाही. तुम्ही काल तीनदा वापरलात. वेंट, सॉ, सेड. एकही चूक नाही."

"अरे, ती चहाडी होती."

"चहाडी भूतकाळातच करतात," योगो खिन्नपणे म्हणाला. "हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. पण तुम्ही सगळ्या एरवी इतकं बोलता कुठे?"

सुकियेमने स्वयंपाकघर ग्रुपचं सांगून टाकलं. आता लपवायला उरलं काय होतं? योगोचं तोंड बघण्यासारखं झालं. तो जावानीजमध्ये, आदराच्या बोलीत, काहीतरी म्हणू गेला, अर्ध्यावर शब्द सापडेना, इंडोनेशियनवर आला, तिथेही अडखळला आणि शेवटी "सो सॅड" म्हणून थांबला.

"बघ," सुकियेम म्हणाली. "थोरांशी धड एका बोलीत तुला बोलता येत नाही. तुझं ऐकून तुझा आजा कबरीत कूस बदलत असेल. आणि आमच्या तोंडाला कुलूप घालायला निघालास. आणायची का पावडर?"

योगो हसला नाही, पण चहा मात्र त्याने प्यायला. जाताना म्हणाला, "माझं सोडा. बु लुरा सकाळपासून दार लावून बसल्यात. लारासचाही फोन घेत नाहीयेत."

आत्तापर्यंत सुकियेमला फजितीची लाज वाटत होती, आता खरी लाज वाटली. वातीने ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. डोक्याला कलप, गळ्यात जुना टॉवेल, अशा अवस्थेत माणूस जे सांगतं ते फणसाखाली वाजवायचं नसतं.

"लेबारानला माफी माग," वागिमानने सुचवलं. "ईदच्या दिवशी सगळे सगळ्यांची मागतात. त्यात तुझीही खपून जाईल."

"लेबारानला आठ महिने आहेत."

"म्हणूनच म्हणतोय."

ती त्याच संध्याकाळी गेली. अंगावर चांगला ब्लाउज, हातात केळी. रेत्नोवातीने दार उघडलं, बसायला सांगितलं, झाकणाच्या कपातून चहा आणला. झाकणाचा कप फक्त परक्यांसाठी निघे. सुकियेमने वाटेत घोकलेलं वरच्या बोलीतलं वाक्य म्हटलं: माझ्या हातून जो प्रमाद घडला त्याबद्दल क्षमेची याचना करते. रेत्नोवातीने त्याहून वरच्या बोलीत उत्तर दिलं की प्रमाद कसला, ह्या दासीलाच स्वतःचा अपराध कळला नाही. सुकियेम आणखी एक पायरी चढली. रेत्नोवाती दोन चढली. असं करत दोघी इतक्या उंचावर जाऊन पोचल्या की तिथे श्वास घ्यायलाही हवा उरली नाही. मग खालच्या, रोजच्या बोलीत बोलावं म्हणून सुकियेमने तोंड उघडलं, पण "अगं वाती" म्हणायचा हक्क आपण गमावलाय असं वाटून जीभच रेटेना. इंडोनेशियनमध्ये मागावी तर ती माफी ग्रामपंचायतीच्या सूचनेसारखी वाटली असती: ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ शेवटी ती चहा पिऊन परत आली. केळी तिथेच राहिली, इतकीच प्रगती.

दुसऱ्या दिवशी पेचेल संपल्यावर ती परसातल्या बाकावर बसली आणि ‘इंग्लिश ओन्ली’ उघडलं. कालपासून तिथे एक अक्षर नव्हतं. तिने लंडनचा पूल नीट, दोनदा पाहून घेतला. मग बटण दाबलं आणि इंग्रजीत बोलू लागली. जे इंग्रजी होतं तेवढ्यातच, प्राणी, भाज्या, घरसामान आणि हवामान यांच्या बळावर. आपल्या भाषेत सांगायचं तर ते साधारण असं ऐकू आलं:

"वाती. आय ॲम सॉरी. मी वाईट. तू सांगितला मला गुप्त, मी सांगितला बाजार. मी... मी शेळी."

तिला ‘मूर्ख’ म्हणायचं होतं, पण तो धडा झालेला नव्हता. बोलून झाल्यावर मात्र तिला नवल वाटलं. सॉरी हा शब्द किती हलका होता! दुसऱ्याच्या चपला घालून चिखलात उतरावं तसं. पाय तर आपलाच, पण चिखल तेवढा लागत नाही.

ग्रुपवर सगळ्या जाग्या होत्या. मग दिसलं: बु लुरा बोलत आहेत. मग थांबलं. पुन्हा दिसलं. वाती बोलतेय, हे सगळ्यांना कळलं, कारण लारास आवाज उसना देऊ शकत नव्हती. आणि वातीचं स्वतःचं, कुणी न ऐकलेलं इंग्रजी बाहेर आलं:

"तू शेळी नाही. शेळी चांगला. शेळी दूध देतो. तू डास."

बु पाइनेमने टाळ्यांची चित्रं टाकली. डास! दोन दिवसांत पहिल्यांदा सुकियेमला कुणी मनापासून काहीतरी म्हटलं होतं.

"यस," ती म्हणाली. "मी डास. मोठा डास."

"तू तोंड खिडकी," वातीचा आवाज चढला. "खिडकी पडदा नाही! पाऊस आत, पाऊस बाहेर! मी तीन दिवस रडला!"

"दोन दिवस! परवा मी बोलला!"

"माझा डोळा, माझा मोजणी!"

इथे सुकियेमलाही चेव आला. सगळी चूक आपली, हे खरं. पण अनेक वर्षांचं काही तिच्याही पोटात होतं. "तू पण! आधी तू बसला माझा बाक. आता तू बसला पुढे खुर्ची. तू पाहतो मागे? नाही! माझा मान दुखतो तुला शोधून. आणि मला नको लारासचा इंग्रजी. लारासचा इंग्रजी केक. मला पाहिजे तुझा. तुझा कच्चा केळा, चालेल."

मग वातीचा आवाज आला, खाली उतरलेला. "सगळे म्हणतो लुराचा बायको हुशार. मी हुशार नाही. मी फक्त लग्न केला."

परसात बसलेल्या सुकियेमने डोळ्यांना पदर लावला. आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं की एवढ्या वेळात दोघींनी एकमेकींना एकच शब्द वापरला होता. यू. त्यात वर जायला पायरी नव्हती, खाली यायला जिना नव्हता. डासालाही यू आणि लुराच्या बायकोलाही यू. कसली ही दरिद्री भाषा, तिला वाटलं, माणसामाणसात फरकही करता येत नाही. आणि किती सोयीची.

"वाती," ती म्हणाली, "यू..." आणि पुढचा शब्द तिला येईना. कोबी आठवला, कपाट आठवलं, वादळ आठवलं. हवा होता तो आठवेना.

वातीने वाट पाहिली नाही. तिचा पुढचा संदेश इंग्रजीत सुरू झाला आणि तिसऱ्या शब्दाला घसरला तो थेट पेरूच्या झाडाखाली आला: "यू आर व्हेरी... अगं भवाने, येम, गाढवे, केळी तरी पिकलेली आणायची होतीस! दगडासारखी हिरवी केळी घेऊन माफी मागायला येतात का? लग्नातसुद्धा तू मला फुटका कपच दिला होतास!"

"फुटका नव्हता, तू फोडलास!" सुकियेम जावानीजमध्ये ओरडली, इतकी मोठ्याने की कोंबड्या उधळल्या आणि फोनची गरजच उरली नाही, लुराचं घर दोनच कुंपणं पलीकडे होतं.

आता ग्रुपवर दंगल माजली. पावडर! पावडर! दोघींना पावडर! एकीने पिठाचा, एकीने चुन्याचा फोटो टाकला. तेवढ्यात मास योगोचं वाक्य आलं, आणि त्यात तिन्ही भाषा एकमेकींच्या पायात पाय घालून पडल्या होत्या: "नो पावडर! बु, आपण दोघी, प्लीज, थांबू नका!"

त्यानंतर काय झालं, ते सांगायला फार नाही. भांडण संध्याकाळपर्यंत चाललं, बहुतेक स्वयंपाक करता करता. त्यात एकोणतीस वर्षांचे हिशेब निघाले, फुटक्या कपापासून ते कुणाच्या लग्नात कुणाला आधी वाढलं इथपर्यंत. जिथे इंग्रजी पुरलं तिथे इंग्रजी, संपलं तिथे घरचं. रात्री जेवणाआधी वातीने शेवटचा संदेश टाकला की ती दमली आहे आणि उरलेलं उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती छत्री न घेता आली, टोपलीशेजारी फतकल मारून बसली आणि तिने मोडाचा ढीग आपल्या पानावर ओढून घेतला. "कमी वाढतेस तू," ती म्हणाली. "आधीपासूनच." दोघींमध्ये सगळं आलबेल झालं असं म्हणता येणार नाही, कलप लावून घ्यायला वाती पुढचे कित्येक आठवडे तालुक्याच्या दुकानात गेली. पण ‘आपण’ हा शब्द त्या फणसाखाली पुन्हा कुणी काढला नाही.

योगोने नियम मोडीत काढले. ग्रुपचं नाव बदलायचं ठरलं, त्यावर वाद झाला, म्हणून ते तसंच राहिलं. लारासने सेमारांगहून फोन करून विचारलं, आई, तू मला हल्ली वाक्यं का मागत नाहीस? त्यावर रेत्नोवातीने तिला इंग्रजीत सांगितलं की मी बिझी आहे, मला भांडायचं असतं.

अडचण झाली ती पुरुषांची. गावभर बायका नवऱ्यांना आता इंग्रजीत बोलू लागल्या, आणि कौतुक आहे की शिवी, हे चेहऱ्यावरून कळेना. एके दुपारी आमटी खारट झाल्याचं लुरांनी बोलून दाखवलं, तेव्हा बायकोने त्यांना गोड हसून दोन शब्द ऐकवले. ते दिवसभर ते शब्द घोकत राहिले, विसरू नयेत म्हणून, आणि संध्याकाळी मास योगोच्या घरी गेले. त्यातला एक शब्द भोपळा निघाला. दुसऱ्याचा अर्थ सांगायला योगोने नम्रपणे नकार दिला.

तेव्हापासून गावात पुरुषांसाठीही इंग्रजीचा एक ग्रुप आहे. लुरा आहेत, वागिमान आहे, बु पाइनेमचा नवरा आहे. कडक नियम काही नाही, वाटेल त्या भाषेत बोला म्हणून सांगितलंय. अजून कुणीच काही बोललेलं नाही. फक्त वागिमान रोज सकाळी आपल्या पिंजऱ्यातल्या होल्याचं घुमणं ध्वनिमुद्रित करून टाकतो, आणि मास योगो त्याला "व्हेरी गुड" लिहितो.